सूत ऐकत नाही तेव्हा

सरळ चौकोन विणायला घ्यावा आणि वीतभर काम झाल्यावर तो एका बाजूला कलायला लागावा. क्रोशाची सुई धाग्याखालून जाण्याऐवजी दर दोन टाक्यांनी धाग्याच्या मधोमध घुसावी. मफलरच्या कडांनी सुरळी करून आत वळावं. अंगाला बेतशीर झालेला सुती स्वेटर पहिल्या धुण्यानंतर मांड्यांपर्यंत उतरावा. विणकाम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला यातलं काहीतरी येतं, आणि नवशिक्यांना त्यावर एकच उत्तर मिळतं: अजून हात बसला नाही.

कधी कधी ते खरंही असतं. पण यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ हातात नसून सुतात असतं, असं माझं ठाम मत आहे. सूत कशाचं आहे, त्याला किती आणि कुठल्या दिशेने पीळ दिलेला आहे आणि ते किती पाणी पितं, या तीन गोष्टी गुंडा घरी येण्याच्या कितीतरी आधी ठरलेल्या असतात. त्या माहीत नसल्या की माणूस निमूटपणे उसवत बसतो, पुन्हा तेच विणतो आणि पुन्हा तेच होतं. चांगली शिकणारी माणसं अशानेच विणकाम सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सुरुवात पिळापासून करू, कारण निम्मे प्रश्न तिथलेच आहेत.

कापसाचा एक तंतू साधारण इंचभर लांब असतो. एवढ्याशा तंतूंपासून मैलभर लांब धागा होतो तो निव्वळ पिळामुळे. ज्यांनी टकळीवर किंवा चरख्यावर सूत काढलं आहे त्यांना हे बोटांनी माहीत असतं. पेळू, म्हणजे कातण्यासाठी वळलेली पिंजलेल्या कापसाची सुरळी, दोन्ही हातांत धरून हलकेच ओढला की तो आवाजही न करता सुटून येतो. त्यातलेच तंतू थोडे पिळून ओढा, आता ते सुटत नाहीत. पीळ दिलेल्या धाग्याला ओढलं की तंतू एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्यातलं घर्षण वाढतं आणि ते एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. पीळ कमी पडला तर धागा मध्येच विरळ होऊन सुटतो. फार झाला तर तो कडक होतो, स्वतःभोवती आकडे घालतो आणि त्या आकड्यांतच तुटतो.

आता गोम अशी, की पिळलेले तंतू पिळलेल्या अवस्थेत सुखाने राहत नाहीत. चावी दिलेल्या खेळण्यासारखा त्यांच्यात जोर साठलेला असतो आणि संधी मिळताच ते उलटे फिरून मोकळे होऊ पाहतात. एकपदरी सुतात हा जोर सगळा एकाच दिशेचा असतो. म्हणून असे दोन पदर एकत्र घेऊन त्यांना उलट्या दिशेने पीळ देतात. आतल्या पदरांचा जोर एकीकडे, बाहेरच्या पिळाचा दुसरीकडे, आणि दोन्ही एकमेकांना अडवून धरतात. दुकानात आपण टू प्लाय, फोर प्लाय म्हणून लोकर मागतो तेव्हा हे पदरच मोजत असतो. पदर वाढले की धागा नुसता जाड होत नाही, तो शांतही होतो.

सूत शांत आहे की नाही हे घरी तपासता येतं. गुंड्यातून दोन हात धागा सोडा, न तोडता त्याची दोन्ही टोकं एकत्र धरा आणि मधला भाग मोकळा लोंबू द्या. तो उघडा, झोक्यासारखा राहिला तर सूत समतोल आहे. स्वतःभोवती गिरक्या घेऊन दोरी झाली तर त्यात जोर शिल्लक आहे, आणि तो जोर तुमच्या विणकामात उतरणार आहे.

कसा उतरतो ते पाहायला कपाटातला जुना टी-शर्ट काढा. काही धुण्यांनंतर त्याची बगलेखालची शिवण फिरून पोटावर आलेली दिसते. शिंप्याने ती वाकडी मारलेली नसते. टी-शर्टचं कापड बहुधा एकपदरी सुताचं, एकाच तऱ्हेच्या टाक्यांनी विणलेलं असतं. पाण्यात पडलं की धागा फिरायला मोकळा होतो, प्रत्येक टाका किंचित तिरका होतो, आणि हजारो टाके एकाच बाजूला तिरके झाले की सगळं कापडच वळतं. हाताने सुलट विणलेला चौकोन कलतो त्याचं कारण हेच. त्याला ओढून, इस्त्री करून, उशाखाली ठेवून काही होत नाही. उपाय विणीत आहे. सुलट आणि उलट टाके आळीपाळीने येणारी वीण घेतली, की एक टाका डावीकडे कलतो तसा शेजारचा उजवीकडे कलतो आणि चौकोन चौकोन राहतो. नाहीतर तेच सूत दोनपदरी किंवा चारपदरी घ्या.

क्रोशावाल्यांचं दुखणं थोडं वेगळं. धागा उभा धरून बारकाईने पाहिलात तर पिळाच्या तिरप्या रेषा दिसतात. त्या डावीकडे वरून उजवीकडे खाली येत असतील तर तो एस पीळ, उजवीकडे वरून डावीकडे खाली येत असतील तर झेड पीळ. या दोन रोमन अक्षरांची मधली रेघ तशी कलते म्हणून ही नावं. दोन सुयांवरच्या विणकामासाठी बाजारात येणारी बहुतेक लोकर शेवटी एस पिळाची असते. उजव्या हाताने क्रोशा करताना सुईवर धागा घ्यायची जी पद्धत आहे, तिच्यात असा एस पीळ प्रत्येक वेढ्याला जरासा उलगडतो. साखळीत फारसं कळत नाही. खांब, म्हणजे उंच टाके, घालायला लागलं, त्यातही दोन-तीन वेढ्यांचे लांब खांब असले, की पदर सुटे होतात आणि सुई त्यांच्या मधे घुसते. तीच लोकर डाव्या हाताने क्रोशा करणाऱ्या मैत्रिणीला मात्र अजिबात त्रास देत नाही, कारण तिच्या हातून पीळ उलट वाढतो. दोघींपैकी कुणाचाही हात कच्चा नाही. अशा वेळी टोकदार सुईऐवजी जराशी बोथट सुई घ्या, किंवा घट्ट पिळाचं क्रोशाचं सूत घ्या. लोकर तीच हवी असेल तर काम अधूनमधून हातातून सोडून लोंबू द्या. ते स्वतःच गिरक्या घेऊन पीळ जागेवर आणतं.

गुंड्यातून सूत कसं काढता यानेही फरक पडतो. गुंडा जमिनीवर लोळत असेल तर पीळ जसाच्या तसा राहतो. तोच उभा ठेवून टोकाकडून धागा ओढला, तर सुटणाऱ्या प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ वाढतो किंवा कमी होतो. जाड लोकरीत हे जाणवत नाही, बारीक सुतात चांगलंच जाणवतं.

पिळाचा जोर आणि गुंता यांचं नातं सरळ आहे, पण गुंत्याचं आणखी एक कारण नुसत्या लांबीत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघांनी २००७ साली यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या लांबीची दोरी पेटीत टाकायची, पेटी काही सेकंद गरागरा फिरवायची आणि गाठ पडली का ते पाहायचं. ३,००० हून अधिक वेळा त्यांनी हे केलं. ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड दोरीला गाठ पडलीच नाही म्हणावं इतपत. त्यापुढे मात्र लांबीबरोबर गाठीची शक्यता भराभर वाढत गेली. आता आपल्याकडे भरतकाम शिकवताना दोरा हातभरच घ्यायला सांगतात ते आठवा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात म्हणजे १८ इंच, म्हणजे जवळपास ४६ सेंटिमीटरच. पेटीतली दोरी आणि सुईतला दोरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य, आणि हातभर दोऱ्याला दुसरंही कारण आहे: लांब दोरा कापडातून जास्त वेळा जातो आणि घासून विरतो. तरीही हा मेळ पाहून मला मनापासून आनंद झाला. गोधडी घालताना लांब दोरा घ्यावाच लागतो, तिथे दोरा मेणावरून ओढून घेतात. मेणाने बारीक लव बसते, दोरा जरा ताठ होतो आणि स्वतःभोवती वळायला कचरतो.

मफलरच्या कडा वळतात त्याला सुताचा दोष देता येत नाही. सरळ धाग्याला वाकवून आपण टाका करतो आणि धागा सरळ व्हायला बघतो. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा साध्या विणीत सगळ्या टाक्यांची वळणं एकाच बाजूला येतात, म्हणून त्यांचे जोर साठत जातात: उभ्या कडा मागे वळतात, खालची-वरची कड पुढे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या भौतिकशास्त्रज्ञ एलिझाबेटा मात्सुमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली अशा चार साध्या विणींचं ताणून मोजमाप केलेलं संशोधन प्रसिद्ध केलं. टाके फक्त सुलट आणि उलट, तरी त्यांची मांडणी बदलली की कापड किती ताणलं जातं आणि किती कडक राहतं हे बदलतं. म्हणून कडेला चार-पाच टाक्यांची दोन्ही ओळी सुलट अशी पट्टी सुरुवातीपासूनच ठेवावी. नंतर ओलं करून, टाचण्या लावून वाळवलेली कड थोडे दिवस सपाट राहते आणि परत वळते.

पिळानंतर तंतू. लोकरीच्या तंतूला जन्मतःच नागमोडी वळणं असतात. कोरड्या लोकरीचा तंतू तुटण्याआधी स्वतःच्या लांबीच्या २५ ते ३५ टक्के ताणला जातो, कापसाचा जेमतेम ३ ते १० टक्के. लोकर विणताना म्हणूनच माफ करते. एखादा टाका घट्ट, एखादा सैल पडला तरी लोकर आपली ताणून-आखडून तो फरक गिळते आणि धुतल्यावर ओळी एकसारख्या दिसतात. कापूस काहीच गिळत नाही. सुती विणकामात प्रत्येक टाका जसा पडला तसा दिसतो, बोटं लवकर दुखतात आणि मनात येतं की आपल्याला येतच नाही. शिकायला स्वस्त म्हणून पुष्कळांना आधी सुती दोराच हाती दिला जातो. मला ते पटत नाही. पहिल्या कामासाठी मध्यम जाडीची, फिक्या रंगाची लोकर किंवा लोकरमिश्रित धागा द्यावा. गडद रंगात टाके दिसत नाहीत आणि चूक सापडत नाही.

सुती स्वेटर लोंबतो त्यात वजनाचाही वाटा आहे. घनमीटर-सेंटिमीटरच्या हिशेबात न शिरता एवढं पाहा: कापसाची घनता पाण्याच्या सुमारे १.५४ पट आहे, लोकरीची १.३१ आणि अॅक्रिलिकची १.१७. तेवढ्याच आकाराचं विणकाम सुतीत जड होतं, आणि ताणलेला टाका परत आखडत नसल्यामुळे ते वजन त्याला खालीच ओढत राहतं. स्वेटरची आकृती लोकरीसाठी बेतलेली असेल तर सुतीत ती तशीच विणू नये. लांबी कमी धरावी, वीण घट्ट घ्यावी, खांद्याच्या शिवणीत फीत घालावी. टोपी, पायमोजे यांना पकड लागते, तिथे निव्वळ कापूस टाळलेलाच बरा. उलट ओटा पुसायचं फडकं, ताटाखालचं आसन, तोरण यासाठी कापसासारखं दुसरं काही नाही.

आता पाणी. सूत कोरडं दिसलं तरी कोरडं नसतं. २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी हवेतूनच धरून ठेवते, रेशीम ११ च्या आसपास, कापूस ८ च्या आसपास. अॅक्रिलिक दीड-दोन टक्के आणि पॉलिस्टर तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. कोरड्या हिवाळ्यात अॅक्रिलिकची लोकर बोटांना चिकटते, अंगावरचे केस ओढते, सुयांवर चरचरते, कारण तिच्यात वीज वाहून नेण्याइतका ओलावाच नसतो. पावसाळ्यात कोकणात उलट होतं: तळहात घामेजलेले, धातूची सुई ओलसर, आणि सूत पुढे सरकत नाही. तेव्हा बांबूची सुई घ्या आणि हात पुसायला फडकं जवळ ठेवा. एवढ्याने काम होतं.

कापसाचं एक वैशिष्ट्य असं की तो ओला असताना जास्त मजबूत असतो. लोकर आणि व्हिस्कोज, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेलं सूत, ओले असताना कमजोर होतात, व्हिस्कोज तर फारच. विणकरांना हे शेकडो वर्षं माहीत आहे. ढाक्याच्या मलमलीचं सर्वांत बारीक सूत सकाळ-संध्याकाळच्या दमट हवेत कातत, कारण कोरड्या हवेत ते तुटे. इंग्लंडात लँकेशायरच्या विणकाम शेडमध्ये धागा तुटू नये म्हणून हवेत वाफ सोडत. कामगारांच्या अंगावरचे कपडे भिजत आणि तशाच ओल्या कपड्यांनी ते थंडीत घरी जात. अखेर १८८९ साली ब्रिटिश संसदेला या शेडमधल्या ओलाव्यावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. सुताचा हट्ट पुरवण्याची किंमत माणसांनी दिली, हे या इतिहासात विसरता येत नाही.

हट्ट पुरवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे खळ. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, कापड होईपर्यंत फणीच्या दातांतून हजारो वेळा घासला जातो. त्याची लव उभी राहते, शेजारचे धागे एकमेकांत अडकतात आणि तुटतात. दख्खनी मेंढीची लोकर तर आखूड आणि राठ, तिचं सूत नुसतं मागावर टिकणार नाही. म्हणून घोंगडी विणणारे सनगर कारागीर चिंचोक्यांची खळ शिजवतात आणि ती ताण्यावर कुंच्याने चढवतात. सुकल्यावर सूत ताठ, गुळगुळीत होतं, आणि नव्या घोंगडीचा तो कडकपणा त्यातूनच येतो. यंत्रमागाच्या गावांतही हेच तत्त्व आहे. इचलकरंजीत सायझिंगचे, म्हणजे ताण्याला खळ चढवण्याचे, कारखाने वेगळे आहेत. घरी लहान चौकटीवर विणणाऱ्यांचा ताणा लवेने चिकटत असेल, तर पातळ पेज गाळून ती धाग्यांवर बोटांनी फिरवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. विणून झाल्यावर गरम पाण्यात निघून जाते.

पाण्याने कापड आटतं त्याचं कारण बहुतेकांना उष्णता वाटतं. सुती कापडात मुख्य कारण ताण हे आहे. गिरणीत आणि मागावर सूत ओढलेल्या अवस्थेत राहतं. भिजलं की तंतू फुगतो, धाग्याला दुसऱ्या धाग्याला वळसा घालायला जास्त लांबी लागते आणि कापड तेवढं आखूड होतं. नव्या अस्तरावर जुनी साडी लावून गोधडी केली तर पहिल्या धुण्यात ती चुरगळते ती यामुळे. सगळ्याच थरांना जुन्या साड्या वापरण्यात काटकसर आहेच, पण ते कापड आटून झालेलं असतं हा मोठा फायदा आहे. लोकरीचं आटणं वेगळं. तिच्या तंतूवर एका दिशेला झुकलेले खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की तंतू एकमेकांत पुढेच सरकत जातात, मागे येत नाहीत. ते उलटवता येत नाही.

म्हणून मोठं काम सुरू करण्याआधी त्याच सुताचा लहान चौकोन, म्हणजे नमुना, विणायचा, आणि तो धुवायचा. बहुतेक जण पहिलं करतात, दुसरं टाळतात. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके यायला हवेत आणि तुमचे २० येत असतील, तर छातीला १०० सेंटिमीटरसाठी घातलेल्या २२० टाक्यांचे ११० सेंटिमीटर होतात. दोन टाक्यांचा फरक, आणि स्वेटर दुसऱ्याच माणसाचा. नमुना निदान वीतभर तरी घ्या, पुढे जसं धुणार तसंच तो धुवा, सपाट वाळवा आणि मग मोजा. सुती असेल तर तो दोन दिवस चिमट्याने टांगून ठेवा आणि पुन्हा मोजा. रंग सुटतो का तेही याच वेळी कळतं. लाल-काळ्या सुताचा तुकडा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ओला दाबून ठेवला की पुरे. आणि गुंडे घेताना वेष्टनावरचा लॉट क्रमांक एकच आहे ना ते पाहा, पुढच्या वेळी तीच छटा मिळेल याची हमी नसते.

धुऊन ताणून वाळवणं लोकरीला मानवतं, कारण पाण्याने तंतूंमधले काही कमकुवत बंध सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. अॅक्रिलिक पाणीच पीत नाही, म्हणून त्याला नुसत्या पाण्याने आकार येत नाही. त्याला उष्णता लागते. वाफ लांबून, हात राखून द्यावी लागते. जास्त झाली की अॅक्रिलिक कायमचं ढिलं आणि गुळगुळीत होतं, त्याची उभारी परत येत नाही. इस्त्री तर त्याला टेकवूच नये.

उसवलेल्या लोकरीबद्दल सांगायचं राहिलं. ती कुरळी होऊन येते आणि तशीच विणली तर टाके लहानमोठे पडतात. तिची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि टॉवेलमध्ये दाबून पाणी काढून सावलीत काठीवर घाला. वळणं बरीचशी जातात. लवकर सरळ व्हावी म्हणून खाली वजन बांधायचा मोह होतो, तो आवरा. वजन टांगून वाळवलेली लोकर सरळ दिसते, पण ती ताणलेल्या अवस्थेतच वाळलेली असते. तिचा स्वेटर पहिल्यांदा भिजला की लोकर तो ताण सोडून देते आणि बाह्या मनगटावरून वर सरकतात.